छायाचित्रावर बाण, नाव आणि पडदा

व्यापारी पत्रव्यवहाराची रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार पालटली आहे. पूर्वी माल सदोष निघाला, की पेढीवरून सविस्तर पत्र जाई : अमुक बिलातील तमुक गाठीत इतकी थाने डागाळलेली आढळली, सबब तेवढी वजावट मिळावी. आज तेच काम मोबाइलवर टिपलेले एक छायाचित्र करते. परंतु छायाचित्र मुके असते. बारा थानांच्या ढिगाचे चित्र पाहून सुरतेच्या वा इचलकरंजीच्या विक्रेत्यास डाग नेमका कोठे आहे, हे उमगत नाही. तो दूरध्वनी करतो, आपण दुसरे चित्र पाठवतो आणि दिवस निघून जातो. त्याच चित्रात डागाभोवती एक तांबडे वर्तुळ आणि कडेला गाठीचा क्रमांक असता, तर दहा ओळींच्या पत्राचे काम एका दृष्टिक्षेपात झाले असते.

छायाचित्रावर खूण करणे, दोन शब्द लिहिणे, नको तो भाग कातरणे किंवा झाकणे, या साध्या कामांसाठी कोणते मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न अनेक वाचक विचारतात. घरातील तरुण मंडळी बहुधा सर्वांत नामांकित आणि सर्वांत अवजड साधनाचे नाव सांगतात. ते साधन उत्तमच असते. परंतु सराफाच्या पेढीवरील काट्याने कोणी धान्याची पोती तोलत नाही आणि अडतीवरील काट्याने कोणी सोने तोलत नाही. काटा कोणता घ्यावा हे माल ठरवतो. येथेही तेच सूत्र लावले, तर निवड सोपी होते आणि पुष्कळदा एक रुपयाही खर्च होत नाही.

काम आधी, साधन नंतर

एका कागदावर आपली कामे लिहून काढावीत. व्यापारी कुटुंबात ती साधारणपणे पाचच निघतात. पहिले दाखवण्याचे : फाटलेले पोते, पोचा पडलेले भांडे, कापडावरील डाग यांकडे बाणाने किंवा वर्तुळाने लक्ष वेधणे. दुसरे लिहिण्याचे : मालाच्या चित्रावर डिझाइन क्रमांक, माप आणि भाव नोंदवणे. तिसरे कातरण्याचे : चित्र सरळ करणे, कडेचा पसारा काढणे, अंधारलेले चित्र थोडे उजळणे. चौथे आकार लहान करण्याचे. मुलामुलींनी बँक भरतीचे अर्ज भरले असतील, तर त्यांना हे ठाऊक असेल. आयबीपीएसच्या अर्जात छायाचित्रास २० ते ५० केबी आणि स्वाक्षरीस १० ते २० केबी अशी मर्यादा असते. मोबाइलवरील मूळ चित्र मात्र काही हजार केबींचे असते. पाचवे काम झाकण्याचे : धनादेश, आधारपत्र किंवा बिल पाठवताना त्यातील जो तपशील समोरच्यास लागत नाही, तो दिसणार नाही अशी व्यवस्था करणे. पहिल्या चार कामांत चूक झाली, तर फार तर पुन्हा चित्र पाठवावे लागते. पाचव्या कामातील चूक मात्र परत घेता येत नाही. म्हणून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

घरात असलेले साधन

बहुतेक दुकानांची बहुतेक कामे नवीन काहीही न घेता होतात. अँड्रॉइड मोबाइलवर गुगल फोटोजमध्ये चित्र उघडून संपादनाच्या पर्यायांत गेले, की ‘मार्कअप’ मिळते. त्यात लेखणी आहे, अक्षरे लिहिण्याची सोय आहे. आयफोनमध्ये तर बाण, चौकोन, वर्तुळ हे आकार तयारच मिळतात. मॅक संगणकावर ‘प्रिव्ह्यू’ हे साधन संगणकाबरोबरच येते. त्यात खुणा करणे, कातरणे आणि आकार लहान करणे ही तिन्ही कामे होतात.

विंडोज संगणकावर ‘पेंट’ आहे. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून ते सोबत आहे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते यापुढे विकसित न करावयाच्या साधनांच्या यादीत घातले, तेव्हा जगभरच्या वापरकर्त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि ते टिकून राहिले. पेंटमध्ये बाण, वर्तुळ, चौकोन, अक्षरे, कातरणे आणि आकार बदलणे हे सारे एकाच पडद्यावर दिसते. गुमास्त्याला ते अर्ध्या तासात शिकवता येते आणि तो सुटीवर गेला, तर घरातील कोणीही ते चालवू शकतो. साधन निवडताना हा निकष फार मोलाचा आहे. एकट्याच माणसाला चालवता येणारे यंत्र दुकानात असणे हा गुण नव्हे.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र हवे असेल, उदाहरणार्थ जीएसटीच्या संकेतस्थळावर आलेला त्रुटीचा संदेश सल्लागारास दाखवायचा असेल, तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ‘स्निपिंग टूल’ उघडते, हवा तेवढा चौकोन निवडता येतो आणि त्यावर लेखणीने खूण करता येते.

ते अपुरे पडले, तर

कामाचा व्याप वाढला, की दुसऱ्या पायरीचा विचार करावा. शंभर साड्यांची चित्रे एकाच मापात लहान करावयाची असतील, तर पेंटमध्ये ती एकेक करत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय. अशा वेळी ‘इरफानव्ह्यू’ उपयोगी पडते. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात शिकलेल्या इरफान स्किल्यान यांनी ते १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. आकाराने ते अगदी लहान आहे, जुन्या संगणकावरही चटकन उघडते आणि संपूर्ण फोल्डरमधील चित्रांची मापे किंवा नावे एका आज्ञेत बदलते.

पडद्यावरील चित्रांवर वारंवार खुणा करावयाच्या असतील, तर विंडोजसाठी ‘ग्रीनशॉट’ आहे. बाण, चौकट, क्रमांकित ठिपके, लिखाण यांसाठीच ते रचलेले आहे. ‘पेंट डॉट नेट’ हे पेंटच्या एक पायरी वरचे; २००४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झाले. त्यात चित्रावर पारदर्शक थर ठेवून काम करता येते, म्हणजे लिहिलेला भाव पुढे बदलणे सोपे जाते. मात्र त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळते आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घेतल्यास पैसे पडतात, हे लक्षात ठेवावे.

यांच्याही वर ‘गिम्प’ आहे. बर्कली येथील विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचे काम हाती घेतले आणि आज व्यावसायिक चित्रकारही ते वापरतात. परंतु एक गंमत पाहावी : एवढ्या समर्थ साधनात वर्षानुवर्षे साधा बाण काढण्याचे तयार हत्यार नव्हते. ज्याला केवळ डागाकडे बोट दाखवायचे आहे, त्याने गिम्प शिकण्यात आठवडा घालवणे व्यवहाराला धरून नाही. दुकानाची जाहिरात घरीच तयार करणारी हौशी सून किंवा मुलगा असेल, तर त्यांना मात्र ते आवर्जून द्यावे.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन अर्थ सांगितले जातात. आपल्या भाषेत त्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत : मोफत आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा आरंभ केला, तो दुसऱ्या अर्थाने. साधन कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याची रचना तपासावी, त्यात बदल करावा आणि ते दुसऱ्यास द्यावे, ही मुभा म्हणजे मुक्तता. गिम्प आणि विंडोजसाठीचे ग्रीनशॉट या अर्थाने मुक्त आहेत. ते घरी, दुकानात, कारखान्यात निःसंकोच वापरावे.

इरफानव्ह्यूचा प्रकार निराळा आहे. ते खासगी, घरगुती वापरासाठी मोफत आहे. व्यापारी वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. म्हणजे घरच्या संगणकावर सहलीची चित्रे लहान करण्यास मूल्य नाही, परंतु पेढीच्या संगणकावर मालाची चित्रे करावयाची, तर ते देणे लागते. ‘कोण पाहणार आहे’ हा विचार येथे येऊ देऊ नये. आपल्या मालाचे पैसे उधारीवाल्याने बुडवले, तर आपणास जे वाटते, तेच साधन रचणाऱ्यालाही वाटते. कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचावीत, असे मी नोकरीच्या काळात ग्राहकांना सांगत असे. सॉफ्टवेअरच्या परवान्याची पहिली दोन वाक्ये वाचण्याची सवयही त्याच जातीची आहे.

चित्र जाते कोठे

काही साधने संगणकात उतरवून घ्यावी लागत नाहीत. संकेतस्थळ उघडले, चित्र टाकले, की काम होते. येथे एकच प्रश्न विचारावा : माझे चित्र माझ्याच संगणकावर राहते, की दूरच्या कोणाच्या संगणकावर जाते? ‘फोटोपी’सारखे संकेतस्थळ चित्र आपल्याच ब्राउझरमध्ये उघडून काम करते. पुष्कळ संकेतस्थळे मात्र चित्र स्वतःकडे चढवून घेतात. मालाच्या चित्रास त्यामुळे फारशी बाधा येत नाही. धनादेश, पॅन कार्ड किंवा मुलांची छायाचित्रे अशा ठिकाणी टाकू नयेत.

साधन उतरवून घेतानाही सावधगिरी हवी. २०२२ मध्ये गुगलच्या शोधात गिम्पच्या नावाची जाहिरात झळकत होती. तिच्यावर बोट ठेवताच हुबेहूब दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडत असे आणि तेथून उतरवलेली फाइल संगणकातील पासवर्ड चोरीत असे. म्हणून शोधाच्या यादीत सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवरून काहीही घेऊ नये. साधनाचे स्वतःचे संकेतस्थळ किंवा मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गुगल यांचे अधिकृत दुकान, एवढेच मार्ग वापरावेत. मोबाइलवरील चित्रसंपादनाचे एखादे ॲप आपले संपर्क आणि संदेश वाचण्याची परवानगी मागू लागले, तर त्याला तेथेच निरोप द्यावा. बाण काढण्यासाठी आपल्या ग्राहकांची यादी लागत नाही.

झाकले म्हणजे लपले का

आता पाचव्या कामाकडे वळू. खाते क्रमांकावर मोबाइलमधील मार्कर दोन-तीनदा फिरवला, की तो काळा दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. परंतु काही साधनांतील मार्करची शाई अर्धपारदर्शक असते. समोरच्याने चित्राचा उजेड वाढवला, की खालचे अंक डोकावू लागतात. अंक धूसर करणे हाही भरवशाचा उपाय नाही. अंक दहाच असतात. प्रत्येक अंक तसाच धूसर करून संगणक एकेक ताडून पाहू शकतो. म्हणून झाकायचे, तर आतून भरलेला काळा चौकोन ठेवावा आणि तो आतून खरोखर भरलेला आहे, याची खात्री करावी.

कातरून काढलेला भागही खरोखर गेलेला असतो का? मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन या संशोधकांनी उघड केले, की गुगलच्या पिक्सेल मोबाइलवरील मार्कअपमध्ये कातरलेले पडदाचित्र जुन्याच फाइलवर जतन होताना जुनी माहिती पुरती पुसली जात नव्हती. नवे चित्र लहान, फाइल पूर्वीइतकीच मोठी, आणि उरलेल्या जागेत जुन्या चित्राचा अंश तसाच. त्यावरून कातरलेला भाग पुष्कळसा परत मिळवता येत असे. पाठोपाठ विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही हाच दोष आढळला. दोन्ही कंपन्यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती केली. परंतु त्यापूर्वी पाठवली गेलेली चित्रे कोण दुरुस्त करणार? यातून दोन नियम घ्यावेत : मोबाइल आणि संगणक अद्ययावत ठेवावा आणि कातरलेले चित्र नेहमी नव्या नावाने जतन करावे.

याहूनही सोपे उपाय आहेत आणि त्यांना सॉफ्टवेअर लागत नाही. कागदपत्राचे चित्र टिपण्यापूर्वीच नको त्या ओळीवर जाड कागदाची पट्टी ठेवावी. कॅमेऱ्याने जे पाहिलेच नाही, ते कोणी उकरून काढू शकत नाही. आधारपत्रासाठी तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरच पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. जेथे तेवढ्याने भागते, तेथे तीच द्यावी. आणि ज्याप्रमाणे झेरॉक्सवर आपण ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख घालतो, त्याप्रमाणे चित्रावरही मजकुराच्या मध्यातून तेच शब्द लिहावेत. ही एक ओळ त्या प्रतीचा दुसरीकडे होणारा गैरवापर अवघड करते.

चित्रात डोळ्यांना न दिसणारी एक नोंदही असते. मोबाइलमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल, तर चित्र कोठे टिपले, त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहिले जातात. घरी ठेवलेल्या दागिन्याचे चित्र अशा नोंदीसह बाहेर जाणे, म्हणजे तिजोरीचा पत्ता सोबत देण्यासारखे आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ही नोंद बंद करता येते. विंडोजमध्ये फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागातून ती काढूनही टाकता येते.

मूळ प्रतीचा मान

बँकेत व्हाउचरवर खाडाखोड चालत नाही. चुकलेले खोडून त्यावरच दुसरे लिहिले, तर कागदाची साक्ष संपते. छायाचित्रालाही हाच न्याय लावावा. सदोष मालाचे मूळ चित्र जसे टिपले, तसे ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे. बाण आणि मजकूर त्याच्या प्रतीवर करावा. विमा कंपनीचा सर्वेक्षक किंवा वाहतूकदार उद्या विचारील, तेव्हा दोन्ही दाखवता आली पाहिजेत. जेपीईजी प्रकारच्या चित्रात प्रत्येक नव्या जतनागणिक थोडा तपशील कायमचा गळतो, हेही मूळ प्रत न बिघडवण्याचे कारण आहे. फाइलला वर्ष, महिना, दिवस आणि बिलाचा क्रमांक या क्रमाने नाव द्यावे. सहा महिन्यांनी शोधताना त्याचे मोल कळते.

हल्लीच्या मोबाइलमध्ये चित्रातील नको ती वस्तू पुसण्याची आणि नसलेली दाखवण्याची किमया आली आहे. कौटुंबिक चित्रातील विजेची तार पुसली, तर कोणाचे नुकसान होत नाही. मालाच्या चित्रातील डाग पुसणे किंवा कापडाचा रंग मूळाहून गडद करणे, हे मात्र खोटा नमुना दाखवण्यासारखेच आहे. बाण काढणे म्हणजे बोट दाखवणे. वस्तूच बदलणे हा वेगळा व्यवहार. अंधारातील चित्र एवढेच उजळावे, की दुकानात उजेडात धरलेला माल आणि चित्र यांत ग्राहकास फरक दिसू नये.

नावे लिहिण्याचे काम

शेवटी एक घरगुती काम सुचवतो. प्रत्येक घरात लग्नाचे, संघयात्रेचे, पेढीच्या उद्घाटनाचे एखादे जुने समूहचित्र असते. मागच्या रांगेतील निम्म्या माणसांची नावे आता फक्त आजींना किंवा एखाद्या काकांना ठाऊक असतात. ते गेले, की चित्र राहते आणि माणसे अनोळखी होतात. हे चित्र दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून, काचेची चमक टाळून मोबाइलवर टिपावे. पेंटमध्ये त्याची प्रत उघडून खालची कड ओढली, की तळाशी कोरी पांढरी पट्टी तयार होते. चेहऱ्यांवर काही न लिहिता प्रत्येकाच्या खांद्याजवळ लहान आकडा घालावा आणि पट्टीवर त्या आकड्यासमोर नाव, नाते आणि गाव लिहावे. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक जोडता येतो. त्यामुळे नावे देवनागरीत सहज उमटतात.

या कामासाठी आजींच्या शेजारी नातवंडाला बसवावे. आजी नावे सांगतील, नातू आकडे घालील. ज्याचे नाव आठवणार नाही, तेथे आकडा तसाच ठेवून चित्र नातेवाइकांना पाठवावे. बहुधा कोठून तरी उत्तर येते. पूर्ण झालेली प्रत दोन-तीन घरांत ठेवावी आणि एक छापून मूळ चित्राच्या मागे लावावी. जुलैतील एखादी पावसाळी दुपार या कामाला पुरेशी आहे. ती पुढच्या वर्षावर ढकलू नये.